ताई, तुझं विद्यापीठ गेलं!

रविवारी सकाळी डोळे चोळत मोबाइल उघडला, तर धाकट्या भावाचा एका ओळीचा निरोप. ‘ताई, तुझं विद्यापीठ गेलं.’

घाबरू नका. एर्लांगेनचं विद्यापीठ जागच्या जागी आहे आणि माझी नोकरीही, निदान ३१ मार्चपर्यंत. गेलं ते ‘सिव्हिलायझेशन ६’ या संगणकावरच्या खेळातलं. भाऊ पुण्यात, मी इथे. तो रात्री जेवण उरकलं की आपली पाळी खेळतो, मी सकाळी प्रयोगशाळेत जाण्याआधी माझी. दिवसाला एखादा टर्न, फार तर दोन. दिवाळीत सुरू केलेला डाव अजून संपलेला नाही. आणि मी आठ-नऊ टर्न खपून डोंगराच्या कुशीत वसवलेलं, ग्रंथालय आणि विद्यापीठ असलेलं माझं दुसऱ्या क्रमांकाचं शहर या पठ्ठ्याने धनुर्धारी आणून घशात घातलं होतं.

तुमच्यापैकी काहींनी या खेळापायी परीक्षेच्या आदल्या रात्री जागवल्या असतील, त्यांना पुढचा परिच्छेद नको आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. सिड मायरचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला. खेळ सुरू होतो इसवी सनापूर्वी ४००० मध्ये. बुद्धिबळासारखं पाळीपाळीने खेळायचं, विचाराला हवा तेवढा वेळ घ्यायचा. शहरं वसवायची, शेती करायची, लेखन, चाक, दारूगोळा, वीज अशी एकेक विद्या शोधत जायचं. कुठली विद्या कुठल्या विद्येनंतर मिळते, याचा जो मोठा तक्ता असतो त्याला खेळाडू ‘टेक ट्री’ म्हणतात. पहिल्या भागात जिंकायचे रस्ते दोनच होते. एक तर सगळ्यांना हरवा, नाहीतर सगळ्यांच्या आधी अल्फा सेंटॉरीला यान पोचवा. पुढच्या भागांत संस्कृती, धर्म, मुत्सद्देगिरी असे आणखी रस्ते आले. पण मूळ झगडा तोच राहिला. शहराचे हात तेवढेच. त्यांच्याकडून घोडदळ उभं करून घ्यायचं की ग्रंथालय बांधून घ्यायचं?

मला या खेळात सगळ्यात गंमत वाटते ती अशी, की या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या प्रत्येक भागाने वेगळं दिलं आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी दर वेळी इतिहासाचा एक वेगळा सिद्धांतच मांडला, असं म्हणा ना. पहिल्या भागात शहर जिंकलं की हरलेल्याकडची एखादी विद्या फुकट मिळायची. लूट म्हणून! चौथ्या भागात (२००५) प्रत्येक जादा शहराचा देखभालखर्च वाढत जाई, राजधानीपासून जितकं लांब तितका जास्त. खजिना आटला की संशोधनावरची टक्केवारी आपल्याच हाताने खाली ओढावी लागे. अतिविस्तार केलेलं साम्राज्य आणि अनुदान संपलेली प्रयोगशाळा सारखीच दिसते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

पाचव्या भागाचा हिशेब सगळ्यात स्वच्छ आहे, म्हणून जरा आकडे घेऊ. २०१३ मध्ये आलेल्या त्याच्या विस्तारात नियम असा, की नेहमीच्या आकाराच्या नकाशावर प्रत्येक जादा शहरामागे विद्येची किंमत मूळ किमतीच्या ५ टक्क्यांनी वाढते. संशोधन मोजायचं एकक आहे ‘बीकर’. (मी रोज प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. आमच्याकडे एकही बीकर नाही. असो.) समजा एका विद्येची मूळ किंमत १००० बीकर आहे आणि तुमची शहरं ४. राजधानी सोडून ३ जादा, म्हणून किंमत ११५०. चारही शहरं मिळून टर्नला ११५ बीकर देत असतील तर १० टर्नांत काम फत्ते. आता तुम्ही पाचवं शहर जिंकलंत. किंमत झाली १२००. तेच १० टर्न टिकवायचे तर तुमची आवक १२० हवी, म्हणजे नव्या शहराने टर्नला किमान ५ बीकर दिलेच पाहिजेत. पण ताजं जिंकलेलं शहर काही टर्न बंडाळीतच असतं, त्यातून शून्य येतं. १२०० भागिले ११५, म्हणजे साडेदहाच्या जरा आत. खेळात अर्धा टर्न नसतो, म्हणून ११. शिवाय ते शहर घ्यायला जे सैन्य उभं केलं, त्याच श्रमात घरी काय काय बांधता आलं असतं, ते या हिशेबात अजून धरलेलंच नाही.

हे मोजून झालं की पाचव्या भागात मी चार शहरांत दारं लावून अभ्यासाला बसत असे आणि बहुतेक वेळा जिंकतही असे. सहाव्या भागाने (२०१६) हा दंड काढूनच टाकला. जितकी शहरं जास्त, तितकं विज्ञान जास्त. तिथे मुरलेले खेळाडू तुम्हाला सांगतील की विज्ञानाने जिंकायचं असेल तर सुरुवातीलाच शेजाऱ्याला गिळा आणि त्याचीच विद्यापीठं वापरून चंद्रावर जा. त्यातही एक बारकावा आहे. हल्ल्याची खिडकी लहान असते. तुमच्याकडे नवं शस्त्र आलं आणि शेजाऱ्याकडे अजून तट आले नाहीत, एवढ्याच वीस-तीस टर्नांत विजय स्वस्त पडतो. खिडकी उघडते संशोधनामुळे आणि बंदही होते संशोधनामुळेच, फक्त समोरच्याच्या. तेव्हा ‘युद्ध की विज्ञान’ असा प्रश्न नसतोच. प्रश्न असतो कधी थांबायचं.

माझ्या भावाने ती खिडकी अचूक हेरली होती. मी डोंगर बघत बसले होते. तट बांधायचा राहिला.

‘तू ग्रंथालयं बांध, मी जिंकून घेतो. काम वाटून घेऊ,’ असा त्याचा पुढचा निरोप. खेळाच्या नियमाने तो शंभर टक्के बरोबर होता. थोडी डागडुजी केली की माझ्या विद्यापीठाचे बीकर आता त्याच्या खात्यात. तीच इमारत, तीच माणसं, झेंडा फक्त दुसरा.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून चिडचिड घालवायला गावात चालत गेले. आमच्या गावाच्या मध्यावर राजवाड्याची बाग आहे, श्लोसगार्टन. तिथे १७०६ सालचं एक कारंजं आहे, ह्युगेनॉटांचं. वर उभा आहे मार्कग्राफ ख्रिस्तियान एर्न्स्ट, आणि खाली त्याच्या आश्रयाला आलेली माणसं. मी या कारंज्याशेजारी बसून किती वेळा डबा खाल्ला असेल! पण आपल्या डावातली चूक ते कारंजं दाखवतंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. माझी नव्हे, खेळाची चूक.

गोष्ट फ्रान्सपासून सुरू होते. चौदावा लुई हा दोन्ही पट्ट्या वरपर्यंत सरकवलेला खेळाडू होता. १६६६ मध्ये त्याच्या राज्यात विज्ञान अकादमी स्थापन झाली, पाठोपाठ पॅरिसची वेधशाळा. हॉलंडहून क्रिस्तियान हॉयगेन्सला बोलावून मानधन दिलं, डेन्मार्कचा ओले रोमर आला आणि १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून त्याने प्रकाशाला वेग असतो हे दाखवून दिलं. दुसरीकडे लढायाही चालूच होत्या, हॉलंडशी, मग निम्म्या युरोपशी. खेळात असा राजा आघाडीवर असता. मग ऑक्टोबर १६८५ मध्ये लुईने नांतचा जाहीरनामा रद्द केला. फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनॉटांना, मिळालेलं धर्मस्वातंत्र्य संपलं. देश सोडायलाही बंदी होती, तरी दीड-दोन लाख माणसं सीमा ओलांडून गेली.

खेळात हे घडतच नाही! मी खेळलेल्या कुठल्याही भागात शहरातले नागरिक रागावतात, संप करतात, फार तर शहर बंड करतं. पण एखादा विणकर रात्री उठून, बायकोमुलांना घेऊन, शेजारच्या राज्यातल्या शहरात जाऊन राहत नाही.

इथे मात्र आले. तीस वर्षांच्या युद्धात एर्लांगेनची पार दैना झाली होती. उरलं होतं ते एक खेडंच. मे १६८६ मध्ये पहिले ह्युगेनॉट पोचले आणि त्यांच्यासाठी मार्कग्राफने शेजारी पट्टीने आखल्यासारखं नवं गाव वसवायला घेतलं. आजही गावाच्या दक्षिण भागात सगळे रस्ते काटकोनात मिळतात ते त्यामुळे. (सायकलवाल्यांना ते फार सोयीचं पडतं.) १६९८ मध्ये एर्लांगेनात १००० ह्युगेनॉट होते आणि ३१७ जर्मन. मार्कग्राफ काही संत नव्हता, स्वतः शाही फौजेतला सेनानी होता. माणसं आली की धंदे येतात आणि धंद्यांमागून कर, हा साधा हिशेब त्याने केला. आणि धंदे आले. त्यात मुख्य होतं मोजे विणायचं यंत्र. विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने ते १५८९ मध्ये बनवलं, इंग्लंडात राजाश्रय मिळेना म्हणून तो फ्रान्सला गेला, आणि शंभर वर्षांनी ती विद्या फ्रान्सने हाकललेल्या लोकांबरोबर इथे आली. दोन राज्यांनी हातातली गोष्ट घालवली आणि तिसऱ्याला ती लढाईविना मिळाली. टेक ट्रीवर हा बाण कसा काढायचा?

लुईच्या बाजूची वजाबाकीही बघून ठेवा. हॉयगेन्स आणि रोमर दोघेही प्रॉटेस्टंट, दोघांनी १६८१ मध्येच पॅरिस सोडलं. हॉयगेन्स निघाला होता आजारपणामुळे, पण बरा झाल्यावरही परतला नाही. त्याचा जुना मदतनीस देनी पापँ आधीच लंडनला गेलेला. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा पूर्वज त्याने तिथे १६७९ मध्ये दाखवला. १६८५ नंतर त्याला फ्रान्सचं दार बंद झालं. तो जर्मनीत मारबुर्गला गणिताचा प्राध्यापक झाला आणि १६९० मध्ये वाफेने दट्ट्या हलवायची कल्पना त्याने छापली. आब्राम द म्वाव्र विशीत लंडनला पोचला, जन्मभर शिकवण्या करून पोट भरत राहिला आणि त्यातून वेळ काढून १७३३ मध्ये त्या घंटेच्या आकाराच्या वक्राचं सूत्र लिहिलं, ज्याच्याशिवाय आज माझा एकही आलेख पुरा होत नाही. लुईच्या अकादमीची इमारत शाबूत होती. बीकर गळत होते.

‘पण हे तर हाकलून दिल्याचं झालं, जिंकण्याचा काय संबंध?’ असं भाऊ म्हणाला. मी हे सगळं त्याला आवाजी निरोपांत ऐकवत होते, बिचारा भोसरीच्या बसमध्ये होता. म्हणून मग मी जिंकलेल्या शहराची गोष्ट काढली. आमच्याच.

गेऑर्ग ओमला तुम्ही शाळेपासून ओळखता. तो इथलाच, कुलूपवाल्याचा मुलगा. जन्म १७८९, तेव्हा गाव मार्कग्राफचं होतं. तो तीन वर्षांचा होईपर्यंत प्रशियाचं झालं. १८०५ मध्ये त्याने इथल्या विद्यापीठात नाव घातलं. नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यांतच जास्त रमतो म्हणून वडिलांनी १८०६ मध्ये त्याला स्वित्झर्लंडला शिकवायला धाडलं. त्याच सालात गाव नेपोलियनच्या फौजेने घेतलं. १८१० मध्ये ते बव्हेरियाला मिळालं. १८११ मध्ये ओम परत आला आणि डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. बाविशीच्या आत चार राजवटी! विद्यापीठ १७४३ पासून चालू होतं, ते प्रत्येक जेत्याला आयतं मिळालं. इथपर्यंत भावाचा नियम लागू. पण त्याच बव्हेरियाने शेजारच्या आल्टडॉर्फचं विद्यापीठ १८०९ मध्ये बंद करून टाकलं. लायबनिट्झने डॉक्टरेट घेतली होती ते. जिंकलेल्या शहरातली इमारत चालू ठेवायची की नाही, हे जेत्याच्या मर्जीवर. ओमचा नियम शेवटी छापला गेला तो १८२७ मध्ये, बर्लिनला. ओम तिथवर गेला होता कोलोनच्या शाळेत मास्तरकी करत करत.

आपल्याकडचं उदाहरण तर भावाला पाठच होतं, फक्त त्याने ते उलट वाचलं होतं. महादजी शिंद्यांनी द ब्वॉन्य नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीला ठेवलं, त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. तोफा चांगल्याच होत्या. खेळाच्या भाषेत, संशोधन न करता सोनं मोजून युनिट विकत घेणं. महादजी १७९४ मध्ये गेले, द ब्वॉन्यही पुढे युरोपला परतला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं तेव्हा कंपनीने जाहीर केलं की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अंमलदारांना आम्ही सांभाळू. बरेच गेले. द ब्वॉन्यच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती पेराँ, तोही निघून गेला. असईला आणि लासवारीला पलटणी नेटाने लढल्या, पण त्यांना लढवायचं शास्त्र ज्यांच्या डोक्यात होतं ती डोकी छावणी सोडून गेली होती. इथेही माणसं हलली, आणि खेळात न मांडलेली हीच चाल निर्णायक ठरली.

त्याच सुमाराला तंजावरचे दुसरे सरफोजी राजे नेमका उलटा डाव खेळत होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, महसुलातला पाचवा हिस्सा आणि नेमणूक उरली. त्यांना घडवणारा ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्त्स हा जर्मन मिशनरी, हाले इथे शिकलेला. जिंकायचं काही उरलंच नाही, तेव्हा राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना घातला, धन्वंतरी महालात औषधांवर काम चालवलं, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसकट नोंदी करवून घेतल्या. ‘हे बरं का?’ असा भावाचा प्रश्न, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मला त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. १८५५ मध्ये राज्य खालसा झालं. ग्रंथालय अजून आहे, वाचायला जाता येतं. पण त्या कामाला पुढे नेणारी माणसं तिथे जमत गेली नाहीत. तट नसलेलं माझं शहर आणि सैन्य नसलेलं तंजावर यांत फार फरक नाही, हे मला कबूल आहे. नुसतं विज्ञान करत बसणाऱ्याला कुणीतरी सांभाळावं लागतं.

खेळ माझ्या म्हणण्याच्या थोडा जवळ येतो तो एकाच ठिकाणी. सहाव्या भागात ‘महान शास्त्रज्ञ’ असतात. युक्लिड, हायपेशिया, आर्यभट. ज्याच्याकडे आधी पुरेसे गुण साठतील त्याच्या राज्यात ते अवतरतात, मग राज्य कुठलं का असेना. म्हणजे आइन्स्टाइन अॅझ्टेकांकडे जन्माला येऊ शकतो. पण एकदा आले की ते हाकलले जात नाहीत. एमी नोएथर आमच्या गावची, इथल्या गणिताच्या प्राध्यापकाची मुलगी. १९०७ मध्ये तिने इथे डॉक्टरेट घेतली आणि नंतर सात वर्षं इथेच बिनपगारी शिकवलं. बिनपगारी! समरूपता आणि अक्षय्यतेचे नियम यांना जोडणारा तिचा सिद्धांत १९१८ चा, गॉटिंगेनमधला. १९३३ मध्ये ज्यू म्हणून तिला तिथून काढलं. ती अमेरिकेला गेली आणि दोन वर्षांत वारली. जग जिंकायला निघालेल्या राजवटीने आपल्याच ताटातलं हे सांडून ठेवलं.

आणि त्या युद्धाच्या शेवटी, १६ एप्रिल १९४५ ला, एर्लांगेनचा लष्करी अधिकारी वेर्नर लोरलेबर्ग याने गाव न लढता अमेरिकनांच्या हवाली केलं. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. शेजारचं न्यूर्नबर्ग २० तारखेपर्यंत लढलं. आधीच्या बॉम्बहल्ल्यांत त्याचं जुनं शहर जवळपास भुईसपाट झालंच होतं. एर्लांगेन उभं होतं, म्हणून बर्लिनमधून बाहेर पडलेल्या सीमेन्सने आपलं बस्तान इथे हलवलं. क्ष-किरणांची यंत्रं तर १८९६ पासून इथे बनतच होती. माझी सायकल रोज लोरलेबर्गप्लात्स या चौकातून जाते. सहाव्या भागात शहर सोडून द्यायचं बटण असतं, तहाच्या यादीत. मी ते आजवर एकदाही दाबलेलं नाही.

हे सगळं ऐकून भावाने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, ‘म्हणजे तू कुठली युनिट? आलेली की गेलेली?’

वाचकहो, हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारला असेलच, भावाने नसेल तर आईने. इथला कायदा असा, की डॉक्टरेटनंतर शास्त्रज्ञाला विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारण ६ वर्षंच ठेवता येतं. माझं चौथं चालू आहे आणि सध्याचा करार ३१ मार्चला संपतो. पुण्यातल्या एका संस्थेत जागा निघाली आहे, तिचा अर्ज अर्धा भरून पडला आहे. मी गेले तर इथल्या लेसरवरचं माझ्या हाताचं जे काही आहे ते माझ्याबरोबर जाईल, लेसर इथेच राहील. राहिले तर उलट. याचा हिशेब पाचव्या भागासारखा ५ टक्क्यांत मांडता आला असता तर मी कालच मांडला असता.

डावाचं म्हणाल तर माझी पाळी चार दिवस अडकून आहे. भावाचं सैन्य माझ्या राजधानीपासून तीन घरांवर आहे. माझ्याकडे दोन पर्याय आहेत: आधी तट बांधून घ्यायचा, नाहीतर राजधानीत अर्धवट बांधलेलं विद्यापीठ पुरं करायचं. काल रात्री त्याचा निरोप आला, ‘ताई, टर्न दे ना. आणि आई विचारतेय, अर्ज भरलास का.’